थोरल्याची बाटली

आईशपथ सांगते, या प्रकरणातला शब्द न् शब्द खरा आहे. मागच्या प्रकरणात अप्पांच्या आत्यानं भरधाव गाडी छत्री आडवी धरून थांबवली, त्यावर काही जणांनी नाकं मुरडली. मुरडा. पण हे प्रकरण खरं आहे, छातीवर हात ठेवून आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते, खरं, खरं, खरं! पटत नसेल त्यानं पुस्तक मिटावं आणि भाजी निवडायला घ्यावी.

तर त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर अप्पांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि जिन्यातून वर हाक मारली, "सगळे खाली या. आज थोरल्याची बाटली उघडायचीय."

वरच्या खोलीत वहिनी, थोरल्याची बायको, बॅग भरत होती. हातातली घडी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हे घर सोडून चालली होती. ज्या आर्किटेक्टकडे ती नकाशे काढायची, त्यानं ऑफिस दुसऱ्या शहरात हलवलं होतं आणि तिलाही बोलावलं होतं. धाकटा दीर म्हणाला होता, "जा." नणंद म्हणाली होती, "जातेस तर जा." या दोन 'जा'मध्ये किती अंतर आहे ते घरात सगळ्यांना कळलं होतं. सासरे, म्हणजे अप्पा, काहीच म्हणाले नव्हते. आणि आता एकदम हे. बाटली.

वहिनीनं हातातली घडी तशीच बॅगेत कोंबली. त्या बाटलीत थोरल्याची व्हिस्की नव्हती. थेंबभरसुद्धा नव्हती. ती सगळी वहिनीनं पिऊन टाकली होती.

थांबा, सांगते. नीट सांगते.

अप्पा औषधवाले. खाली दुकान, दुकानामागे मिश्रणं करायची खोली, वर घर. आता औषधं तयार खोक्यातून येतात, पण अप्पा तरुण होते तेव्हा डॉक्टरनं कागदावर चार ओळी खरडायच्या आणि अप्पांनी मागच्या खोलीत खलात घोटून, मोजून, बाटलीत भरून द्यायचं असा रिवाज होता. त्या कामानं त्यांचं नाक तयार झालं म्हणा, नाहीतर नाक होतं म्हणून काम जमलं म्हणा. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं कांदा चिरायला घेतला की अप्पा खाली गल्ल्यावरून म्हणायचे, "सुरी बोथट आहे." एकदा बँकेचा मॅनेजर खोकल्याचं औषध घ्यायला आला, तर त्याला म्हणाले, "साहेब, खोकला राहू द्या, आधी घरी जा. कुठेतरी वायर जळतेय." साहेब धावत गेला. जळत होती. पडद्यापर्यंत पोचली होती.

असल्या नाकाला चैन एकच. सिंगल माल्ट. एकाच भट्टीतली, मोड आणलेल्या जवाची, दुसरं काही न मिसळलेली स्कॉच. अप्पांनी जन्मात कधी पेगावर पेग रिचवले नाहीत. ग्लासात अंगठ्याएवढी ओतायची आणि दुपार उतरेपर्यंत तिच्याशी गप्पा मारत बसायचं. बाटली निम्म्यावर आली की आत हवा साठते आणि हवेनं व्हिस्कीचा जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून उरलेली ते औषधाच्या तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरायचे, वर घट्ट बूच, अंगावर चिठ्ठी. मागच्या खोलीत एक अख्खी फळी अशा बाटल्यांची. नवख्या माणसाला वाटावं, गावात खोकल्याची साथ आलीय. आणि तपकिरी काचेतून रंग कळत नाही. सगळ्या बाटल्या एका आईच्या लेकरांसारख्या दिसतात.

थोरला मुलगा जहाजावर इंजिनिअर. एकदा बोट दुरुस्तीला अडकली तेव्हा तो स्कॉटलंडच्या एका बेटावर जाऊन आला. बेटाचं नाव आयला. शिवी नाही, खरंच नाव आहे. घरी येऊन तो म्हणाला, "अप्पा, आयलाहून आलो," तेव्हा अप्पांनी आधी त्याचा कान धरला आणि मग बाटली बघितली. त्या बेटावर जव सुकवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत कुजून कुजून दबलेली माती. तिचा धूर त्या व्हिस्कीत एकदा शिरला की शिरला. थोरल्यानं बाटली भट्टीच्या दारातच घेतली होती, एकाच पिंपातून भरलेली. ते पिंप संपलं की तसली पुन्हा नाही. तो घरी आला की बापलेक मागच्या खोलीत बसून त्यातली अंगठ्याएवढी घ्यायचे. बोलायचे कमी, हुंगायचे जास्त.

मग एका खेपेला थोरला आलाच नाही. बोटीच्या इंजिनरूममध्ये काम करता करता छाती धरून खाली बसला, तो उठला नाही.

बाटली अर्धी राहिली होती. अप्पांनी ती तपकिरी बाटलीत भरली, चिठ्ठीवर 'थोरला' एवढंच लिहिलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. पुन्हा हात लावला नाही.

वहिनीनं लावला. दारूच्या वाटेला कधी न गेलेली बाई ती. दुपारी अप्पा पडलेले असायचे, धाकटा दुकानात गिऱ्हाईक बघत असायचा, तेव्हा स्टुलावर चढून नुसतं बूच काढायची आणि हुंगायची. थोरला सुट्टीवर असताना तिच्या केसांत तोंड खुपसून काहीबाही बोलायचा, त्या बोलण्याला हा वास असायचा. नुसतं हुंगून काही दिवस भागलं. मग भागेना. मग चमचाभर. रोज नाही, ज्या दिवशी अंगावर यायचं त्या दिवशी. पण ते दिवस फार आले. बाटली तळाला गेली तेव्हा ती भानावर आली, आणि घाबरून शेजारच्या बाटलीतलं त्यात ओतून गळ्यापर्यंत भरून ठेवलं. तिच्या लेखी व्हिस्की म्हणजे व्हिस्की!

आता ती बाटली अप्पांच्या पुढ्यात येणार होती. उद्या ती या घरातून सून म्हणून जाणार की चोर म्हणून, ते अप्पांच्या नाकावर होतं.

ती खाली आली तेव्हा मंडळी जमली होती. मागच्या खोलीतला संगमरवरी ओटा पुसून लख्ख केलेला. त्यावर तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, पाण्याची वाटी, आणि डोळ्यात औषध घालायचा असतो तसला ड्रॉपर. एका बाजूला धाकटा, अप्पांचं दुकान आता तोच बघायचा. समोर ताई, थोरल्याच्या पाठची, दातांची डॉक्टर, जिभेनंसुद्धा दात उपटणारी. तिच्या शेजारी तिचा नवरा, जावईबापू, भला माणूस.

"अप्पा, थोडा सोडा मिळेल का?" भल्या माणसानं विचारलं.

"मिळेल की. समोरच्या दुकानात. तिथंच पिऊन या."

"लग्नाला एवढी वर्षं झाली," ताई म्हणाली, "अजून याच ओट्यावर बसून सोडा मागतात. मला तर यांच्या छातीचं कौतुक वाटतं."

धाकटा हसला. वहिनीला बघून त्यानं सरकून जागा केली. "ये वहिनी. भरली बॅग?"

"भरतेय."

"भरू दे, भरू दे," ताई ग्लासाकडे बघत म्हणाली. "आमचं काय, आम्ही आहोत इथं अप्पांना बघायला. रविवार ते रविवार."

"ताई, आज नको," धाकटा म्हणाला.

"मी काय बोलले? बॅग भर म्हणाले."

"गप्प बसा रे," अप्पा म्हणाले. "आधी ज्याची त्याची, मग थोरल्याची."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक बाटली डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचायला लागले. वहिनीला जरा नवल वाटलं. पूर्वी ते बूच काढून नाकाशी न्यायचे आणि नाव सांगायचे. पण तिचा जीव वरच्या फळीवर टांगलेला, तिनं ते तिथंच सोडलं.

"व्हिस्की कशी निवडायची, सांगा जावईबापू."

"जेवढी जुनी तेवढी चांगली."

"म्हणजे मग मला घेऊन जा घरी!" अप्पा म्हणाले. "बाटलीवरचं वय बघून निवडणं म्हणजे पगार बघून मित्र करणं. आधी समोर कोण बसलंय ते बघायचं." त्यांनी ताईच्या ग्लासात ओतली. गडद, लालसर. "ही शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. मनुका, सुकं अंजीर, जुन्या कपाटाचं लाकूड. लवकर गोड बोलत नाही."

"उशिरा का होईना, बोलते ना?"

"कधी कधी." धाकट्याकडे वळून, "ही तुझी. हिरवं सफरचंद, ताजं गवत. हिला आयुष्यात अजून काही झालेलं नाही."

"मलाही नाही. दुकानातून सुटका होईल तर काही होईल ना."

"आणि जावईबापू, ही तुमची. मध, थोडी व्हॅनिला. कोणाचं काही वाकडं करणार नाही."

वहिनीनं ती बाटली ओळखली. कोपऱ्यावर टवका उडालेला. हीच शेजारची. हिच्यातलंच तिनं ओतलं होतं.

"तुला नंतर," अप्पा तिला म्हणाले. "ग्लासात नाक बुडवू नका रे. तोंड जरासं उघडं ठेवा म्हणजे झोंबणार नाही. पहिला वास सोडून द्यायचा, तो नुसता दारात येऊन उभा राहतो. दुसऱ्याला आत घ्यायचं. मग घोट. आणि घोट गिळून टाकू नका, जिभेवरून फिरवा. आणि मग दोन थेंब पाणी." त्यांनी ड्रॉपरनं ताईच्या ग्लासात दोन थेंब सोडले. "पाणी पडलं की ती अंगावरची शाल काढते."

"अप्पा, जावई बसलेत!" धाकटा म्हणाला, आणि सगळे हसले. वहिनीसुद्धा. मग अप्पा उठून उभे राहिले आणि सगळ्यांचं हसू आपोआप विझलं.

त्यांनी बाटली काढली. वहिनीच्या लक्षात आलं नाही, पण ती आता सगळ्यात वरच्या फळीवर नव्हती, मधल्या फळीवर होती. हात सहज पोचेल अशी. अप्पांनी नवे ग्लास मांडले. 'थोरला' लिहिलेल्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. बूच काढलं, सगळ्यांना थोडी थोडी ओतली. वहिनीलाही. बाटली पार रिकामी होईपर्यंत ओतली.

कोणी हात लावेना. अप्पांनी आपला ग्लास उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले. एकदा हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं. छोटा घोट घेतला आणि तोंडात घोळवत राहिले. वहिनीनं ओट्याची कड धरली होती. संगमरवर टणक असतो म्हणून, नाहीतर तिच्या बोटांचे ठसे उमटले असते.

अप्पांनी घोट गिळला. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"हाच," ते म्हणाले. "आला बघा थोरला."

धाकट्यानं तोंड फिरवून नाक ओढलं. जावईबापूंनी उगीचच त्याच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी बघतच राहिली. वाचले, हे तिच्या मनात यायला हवं होतं. आलं ते वेगळंच. चौथ्या मजल्यावरची सुरी ओळखणारं नाक मधाला धूर म्हणतंय? आणि मग तिला सगळं एकदम दिसलं. चिठ्ठ्या वाचणं. मागच्या थंडीतला तो ताप. त्यानंतर एकदा गॅसवर दूध करपून घर काळं झालं, आणि अप्पा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

अप्पांचं नाक गेलं होतं.

"अप्पा," ताईनं ग्लास नाकापासून दूर केला आणि पुन्हा जवळ नेला. "याला धूर कुठाय?"

आता हे सांगायला हवं की बापाचं नाक मुलांपैकी कोणाला आलं असेल तर ते ताईला. पण दातांच्या डॉक्टरनं नाकाचं करायचं काय? मास्कमागे ठेवायचं!

"आहे की," अप्पा म्हणाले.

"नाहीये अप्पा. मी त्याच्याबरोबर घेतली होती एकदा, इथंच. जळक्या काठीसारखी होती. ही तशी नाही. कोणीतरी…" तिची नजर ओट्यावरून फिरत फिरत वहिनीवर येऊन थांबली.

"मला येतोय धूर," वहिनी म्हणाली.

आवाज तिचाच होता. ती स्वतःच दचकली. चोरी लपवायला नव्हती म्हणाली ती, हे कोणाला पटो न पटो. अप्पांचा ग्लास धरलेला हात तिला दिसत होता. तो पुन्हा नाकाकडे चालला होता.

"तुला?" ताई म्हणाली. "तू प्यायला कधी लागलीस, तुला धूर कळायला?"

"मलाही येतोय," धाकटा म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण वहिनीची बाजू घ्यायची वेळ आलीय एवढं कळलं होतं. "धूर आहे. चिक्कार आहे."

"खोटं बोलतोस तू. लहानपणापासून तुझे कान लाल होतात."

"मला विचाराल तर," जावईबापू प्रामाणिकपणे म्हणाले, "ही माझ्या मघाच्या ग्लासासारखीच लागते. मध…"

ओट्याखालून त्यांच्या पायावर काहीतरी जोरात आलं. ताईचा पाय होता की धाकट्याचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"हवेनं बदलते," अप्पा सावकाश म्हणाले. "इतके दिवस बाटलीत पडून राहिली की धूर उडतो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मला पाणी द्या रे कोणीतरी. प्यायचं पाणी."

ताई ताडकन उठून जिना चढून वर गेली. वहिनी तिच्या मागोमाग.

स्वयंपाकघरात ताईनं माठ नाही, फ्रीज नाही, नुसता नळ सोडला आणि वाहू दिला, खाली आवाज जाऊ नये म्हणून.

"तू बदललीस ना? खरं सांग."

वहिनी नळाच्या धारेकडे बघत राहिली.

"अगं, बोल ना! विकलीस? कोणाला दिलीस? त्याची शेवटची खूण होती ती या घरात, तू म्हणजे… उद्या तू बॅग उचलून चालू लागशील, आणि अप्पा काय धरून बसणार? मी आत्ता खाली जाते आणि सांगते त्यांना, ही थोरल्याची नाही."

"सांगा," वहिनी म्हणाली. "जाऊन सांगा. आणि मग तुम्हीच विचारा त्यांना, की मग तुम्हाला कसं कळलं नाही."

ताई दाराकडे वळली होती, ती तिथंच थांबली. नळ वाहत होता. तिला एकदम आठवलं, गेल्या महिन्यात अप्पा तिच्या दवाखान्यात आले होते. दारातूनच म्हणाले होते, "काय छान स्वच्छ वास येतोय गं." त्या दिवशी दवाखान्यातली मोरी तुंबलेली होती. सगळा दवाखाना घाणीनं भरलेला. ताईला वाटलं होतं, म्हातारा टोमणा मारतोय. तिनं वर चार शब्द सुनावले होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"त्या तापानंतर असेल. मलाही आत्ताच कळलं."

ताई स्टुलावर बसली. दातांच्या डॉक्टर बाई, ज्यांना बघून मोठमोठी माणसं खुर्चीचे हात घट्ट धरतात, त्या पदर नाही, रुमाल नाही, सरळ मनगटानं डोळे पुसत होत्या. वहिनीनं नळ बंद केला. मग माठातून ग्लासभर पाणी भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"तू नेऊन दे," ताई म्हणाली.

"तुम्ही द्या."

ताई खाली गेली. पाणी ओट्यावर ठेवलं. आपला ग्लास उचलून पुन्हा हुंगल्यासारखं केलं, बराच वेळ. बापानं आयुष्यात तिचं कौतुक एकाच गोष्टीचं केलं होतं, की पोरीला नाक आहे. ते तिनं आता स्वतःच्या हातानं कापून ओट्यावर ठेवलं.

"माझंच चुकलं अप्पा. सर्दी झालीय मला. आहे धूर. मागाहून येतो."

"मी म्हणालो होतो ना?" अप्पा म्हणाले. "घाई करतेस तू. नेहमीची सवय."

"हो."

"नाक असून काय उपयोग, थांबता यायला हवं."

"हो अप्पा," ताई म्हणाली, आणि सगळा ग्लास एका घोटात संपवला. जावईबापू आपल्या बायकोकडे असे बघत राहिले की जणू दुसऱ्याच कोणाची बायको चुकून शेजारी येऊन बसलीय.

निघताना ताईनं वहिनीला दाराशी गाठलं. गळ्यात पडणं वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं वहिनीच्या ड्रेसच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. "तिकडे दात दुखला तर कोणाला दाखवू नकोस. मला फोन कर. लुटतात." आणि गेली. धाकटा त्यांना सोडायला चौकापर्यंत गेला.

खोलीत वहिनी आणि अप्पा उरले. ती बेसिनशी उभी राहून ग्लास विसळायला लागली. बाहेर अजून उजेड होता, पण खोलीतला उजेड जायला लागला होता. दिवा लावायचं दोघांच्याही मनात येत नव्हतं.

"छान खोटं बोललात सगळे," अप्पा म्हणाले. "धाकट्याचं सोडून. त्याचे कान लाल होतात."

वहिनीच्या हातातला ग्लास नळाखाली तसाच राहिला.

"ताईचं तर फारच छान. मला वाटलं नव्हतं तिला जमेल." ते खुर्चीत जरा सावरून बसले. "नाक गेलं ते खरं. तापात गेलं, परत आलं नाही. काय सांगायचं कोणाला? औषधवाल्याचं नाक गेलं, म्हणजे लोकं हसणार, नाहीतर कीव करणार. दोन्ही नको होतं."

"अप्पा, ती बाटली…"

"ती कळायला मला आजचं नाक लागत नाही. रिकामी झाली तेव्हा माझं नाक शाबूत होतं."

तिनं नळ बंद केला. मागे वळायची हिंमत होईना.

"तू दुपारचा चहा घेऊन यायचीस," अप्पा म्हणाले. "मी पडलेला असायचो, डोळे मिटून. चहाच्या आधी तो वास यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून बसलो होतो. तुला वाटलं असेल, म्हातारा चहासाठी हपापलाय. मला वाटलं होतं तो आलाय. दारात उभा आहे. मग तू कप ठेवलास आणि गेलीस, आणि मला कळलं." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट बघितली. कधी यायचा, कधी नाही. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी मी चहा गार होईपर्यंत हलायचो नाही. तू बाटली भरून ठेवलीस त्यानंतरही वाटायचं, पुन्हा स्टुलावर चढशील, कधीतरी पडशील, म्हणून ती मधल्या फळीवर आणून ठेवली. तुला ते कळलंसुद्धा नाही. आंधळी आहेस अगदी."

"मला रागवायचं ना मग." आता ती वळली. "अडवायचं ना. तुमची होती ती. तुमच्यासाठी आणली होती त्यांनी."

"मी प्यायलो असतो तर एकट्यानं प्यायलो असतो. तू प्यायलीस तर आपण दोघं प्यायलो."

वहिनी तिथंच बेसिनला टेकून रडली. तोंडावर हात धरून नाही, चांगलं मोठ्यानं. तो गेला तेव्हा घरात इतकी माणसं होती, कोणाला ना कोणाला सावरायचं होतं, नीट रडणं राहूनच गेलं होतं. अप्पांनी तिला रडू दिलं. जवळ आले नाहीत, पाणी दिलं नाही, पुरे म्हणाले नाहीत.

"मग आज का काढलीत?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"तू निघालीस म्हणून. तू तिकडे गेल्यावर, मी गेल्यावर, कधीतरी ताईनं ती उघडली असती. आणि मग तू तिकडून काय सांगणार होतीस? म्हटलं, मी आहे तोवर सगळ्यांसमोर उघडू, मी म्हणेन हीच, आणि संपवून टाकू. माझ्या नाकाला कोण आव्हान देणार?" त्यांनी मान हलवली. "ताईचं नाक विसरलो. आपलीच पोरगी, आणि विसरलो."

बाहेर कोणीतरी सायकल टेकवून शटर वाजवलं, "दुकान चालू आहे का?" म्हणून विचारलं, आणि उत्तर मिळालं नाही तसं निघून गेलं.

"ये, बस," अप्पा म्हणाले. "एक काम आहे. मला चव आठवत नाही. खारट होती, धुराची होती, हे सगळं शब्दांत आठवतं. पण जिभेवर येत नाही, नाकात तर नाहीच. ती आता फक्त तुझ्याकडे आहे. सांग मला. कशी होती?"

वहिनी त्यांच्या समोर बसली. ओट्यावर रिकामा ग्लास होता, अप्पांनी तो उचलून हातात धरला.

"मला नाही तुमच्यासारखं सांगता येत. मनुका, अंजीर…"

"तुला येईल तसं सांग."

तिनं डोळे मिटले. "आधी झोंबायची. पावसात भिजलेली शेकोटी असते ना, विझलेली, तशी. ओली राख. मग दोरखंड, बोटीचा, डांबर लावलेला."

"हं."

"मग मीठ. ओठांवर राहायचं, बराच वेळ. वरखाली चाटलं तरी जायचं नाही. आणि मग, तुम्ही म्हणता तसं थांबलं तर, एकदम गोड. पण साखरेचं गोड नाही. करपलेलं. दुधाची साय भांड्याला लागते आणि खरवडून खातो, तसं."

"तो खायचा तसं. लहानपणी. भांडं सोडायचा नाही."

"मला माहीत नव्हतं."

"पुढे?"

"पुढे काही नाही अप्पा. मग छातीत ऊब. आणि मग ते दार लोटून आत यायचे, बूट काढायचे, त्या वेळी खोलीत कसं व्हायचं, तसं. आणि मग जायचं."

"किती वेळ राहायचं?"

"फार नाही."

अप्पांनी रिकामा ग्लास नाकाशी नेला. एकदा हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं. आणि मग ते हसले, अगदी पूर्वी बरोबर ओळखल्यावर हसायचे तसे, आणि म्हणाले, "आला."

सकाळी वहिनी गेली. धाकट्यानं बॅग उचलली, अप्पा शटरपर्यंत आले, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे राहिले आणि आत जाऊन त्यांनी दुकान उघडलं.

झालं. सगळं खरं सांगितलं. शपथ घेतली होती ना, ती पाळली. फक्त एवढंच, की अप्पा हसले नव्हते. 'आला' असंही म्हणाले नव्हते. तो रिकामा ग्लास त्यांनी नाकाशी नेला, वाट बघितली, पुन्हा नेला, पुन्हा वाट बघितली, आणि मग हळूच ओट्यावर ठेवून दिला. खरं इतकंच झालं. पण त्या काळोख्या खोलीत त्यांना तसंच बसवून ठेवून मला पुढच्या प्रकरणाकडे जाववेना, म्हणून तेवढं मी माझ्या पदरचं घातलं.